उद्घाटनाचा फोटो पुरे, दोन वर्षांनी जाऊन पंप हापसून पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही चर्चचे स्वयंसेवक आफ्रिकेतल्या खेड्यांत पिण्याच्या पाण्याच्या योजना उभ्या करून देतात त्यावर लेख दिला, लॅटर-डे सेंट्स चर्चची (म्हणजे अमेरिकेतलं मॉर्मन लोकांचं चर्च) रिटायर झालेली नवराबायको स्वतःच्या खर्चाने तिकडे जाऊन राहतात वगैरे सगळं त्यात होतं. लेख आवडला. पण त्यातली खरी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली. पाइपलाइनचे चर गावानेच खोदायचे, रेती-गिट्टी गावानेच आणायची, आणि नळाला पाणी यायच्या आधी गावात समिती बनवून तिला दुरुस्ती शिकवायची. माझी अख्खी नोकरी नागपूर जिल्ह्यात हातपंप दुरुस्तीत गेली म्हणून अनुभवाने सांगतो, योजना टिकते ती या एका ओळीवर, बाकी पैसा कोणाचा अन् पाटी कोणाची याने पंपाला काही फरक पडत नाही.

आपल्याकडे हे काम नवीन नाही हे नव्या पिढीला माहीतच नसतं. आज गावोगावी जो इंडिया मार्क टू हातपंप दिसतो ना, त्याचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि त्यात मिशनच्या लोकांचा मोठा हात आहे. आधीचे पंप बिडाचे, परदेशी नमुन्याचे, एका घराच्या अंगणासाठी बनवलेले, त्यावर अख्खं गाव सकाळपासून तुटून पडलं की महिन्या-दोन महिन्यांत दांडा मोडलाच समजा. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी त्यात सुधारणा केली, मग सोलापूरला त्याहून मजबूत पंप तयार झाला, तोही कॉलेजात न शिकलेल्या एका देशी मेकॅनिकच्या डोक्यातून, आणि १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफने त्याच सोलापूर पंपावरून मार्क टू बनवला जो पुढे कितीतरी देशांत गेला. तसंच नगरचे फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट, त्यांनी पाणलोटाचं केवढं काम उभं केलं, १९९३ साली वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था त्यातूनच निघाली. त्यांच्या कामातही गावाला आधी अटी होत्या, श्रमदान करा, चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा. फुकट काही नाही.

आता नरखेडकडच्या एका गावाचं सांगतो, माझ्या बहिणीचं सासर आहे तिथं. तो सगळा संत्र्याचा पट्टा, ज्याच्या त्याच्या शेतात बोअर, अन् बोअर खोल खोल चालले तसे गावातले हातपंप मार्चपासूनच आचके द्यायला लागतात, कारण मार्क टू साधारण दीडशे फुटांवरून पाणी ओढू शकतो, पातळी त्याखाली गेली की बाया नुसत्या हापसत राहतात. नागपूरच्या एका चर्चची काही पोरं-पोरी सुटीच्या दिवशी तिथं यायला लागली. मला वाटलं टाकी बांधून देतील, फोटो काढतील, जातील. तर त्यांनी पहिले सहा-सात बायांना बंद पडलेल्या पंपापाशी बसवलं अन् झाकण उघडायला लावलं. आतली साखळी गंजून कडक झाली होती, ग्रीस म्हणून नव्हतं. मग पाइप एकेक करून वर ओढले, सिलिंडर खोललं आणि आतला वॉशर निघाला तो पार झिजून कागदासारखा झालेला. एक काकी तो हातात घेऊन म्हणे, "बाप्पा, एवढ्याशासाठी आम्ही दोन उन्हाळे गावाबाहेरच्या विहिरीवर गेलो काऊन?" नवीन वॉशर तिनंच बसवला. आज त्या गावात पान्यांचा सेट ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही तर त्या काकीच्या घरी असतो, आणि घरटी महिन्याची वर्गणी निघते तिचा हिशोब वहीत असतो. जलजीवन मिशन २०१९ ला आलं त्यातही हेच लिहिलंय साहेब, माणशी रोज ५५ लिटर पाणी, गावाची पाणीपुरवठा समिती, त्यात निम्म्या बाया, लोकवर्गणी. कागदावर सगळं बरोबर आहे. पण कितीतरी गावांत समितीच्या बायांना आपण समितीत आहोत हेच ठाऊक नसतं, सही मात्र त्यांची असते.

अजून एक, पाणी आलं म्हणजे स्वच्छ आलं असं नाही. विहिरीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली अन् ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उरलंय हे पाहिलं तर जंतूंचा प्रश्न मिटतो, पण आपल्या विदर्भात बऱ्याच ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, यवतमाळ, चंद्रपूरकडे तर विचारूच नका, लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, पुढे हाडं आखडतात. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिऊ नये असं आपलं सरकारी मानक सांगतं. आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतंच. त्यामुळे जी कोणी संस्था, मंडळ, चर्च, ट्रस्ट गावात बोअर मारून देईल तिनं आधी पाण्याचा नमुना लॅबला पाठवावा, रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. दानशूर लोकांना बोअर मारायची लई हौस असते, तपासणीची नसते.

आता लोक जे बोलतात त्यावर. चर्चवाले आले म्हणजे धर्म बदलायलाच आले असं काही जण सरसकट म्हणतात. पाण्याच्या बदल्यात कोणी कोणाला प्रार्थनेला बसवत असेल तर ते वाईटच, मी स्वतः त्याविरुद्ध उभा राहीन. पण मी त्या गावात जे पाहिलं त्यात असं काही नव्हतं, मारुतीच्या पारावरच सगळ्या मिटिंगा झाल्या. मला विचाराल तर पाहायची गोष्ट वेगळी आहे, नळ कोणत्या वस्तीत बसला? बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, अन् आजही नवीन टाकीचा नळ सरपंचाच्या दारात आणि वस्तीतल्या बाया शेवटी, असं मी नोकरीत असताना पाहिलंय. चर्चच्या या पोरांनी मात्र गावात नळ बसवताना पहिला नळ टोकाच्या वस्तीत द्यायचा हट्ट धरला, त्यावरून गावात दोन आठवडे काम बंद होतं, तरी ते हटले नाहीत. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

म्हणून विनंती एवढीच आहे, तुमच्या पेपरात योजनेच्या उद्घाटनाची बातमी फोटोसकट येते, मग ती सरकारी असो, कंपनीची असो की चर्चची. त्याच गावांत दोन वर्षांनी, तेही मे महिन्यात, वार्ताहर पाठवा. पंप हापसून पाहा, समितीची वही मागा, दुरुस्तीच्या पान्यांचा सेट कोणाच्या घरी आहे ते विचारा, अन् जे दिसेल ते गावाच्या नावासकट छापा. तालुक्यांची यादी लागली तर मी द्यायला तयार आहे, सोबत यायलाही तयार आहे.

आपला,
एक निवृत्त हातपंप मेकॅनिक
मानकापूर, नागपूर