डोंगल, वेलांटी आणि विंडोज अकरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण विंडोज दहाच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मुदतीवर अर्धं पान दिलंत. मुदत संपली, अकरावर चला, मशीन घेत नसेल तर मशीनच बदला, असा लेखाचा एकूण सूर. त्या दिवशी दुपारपर्यंत तिघं जण माझ्या दुकानात डोकावून गेले. एका पतसंस्थेच्या सचिवांनी तर खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, "वहिनी, तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे? आमचा अहवाल तेवढा आधी काढून द्या, मग काय व्हायचं ते होऊ दे."

अहवाल निघाला, कॉम्प्युटरही चालू आहे. पण आमच्यासारख्या धंद्यातल्या माणसाला जे विचारायचं असतं ते लेखात कुठंच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी विट्यात १९९७ पासून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं काम, करते. लग्नपत्रिका, अहवाल, हँडबिलं, वास्तुशांती, दहाव्याचे कागद, निवडणूक आली की चिन्हांचे नमुने. पहिलं मशीन विंडोज पंच्याण्णववर होतं. नंतर अठ्ठ्याण्णव, एक्सपी, सात आणि आता दहा. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, सातची १४ जानेवारी २०२०ला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर मशीन नेहमीसारखं सुरू झालं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही तसंच झालं. मुदत संपली म्हणजे सुरक्षेतली सापडलेली भोकं बुजवायचं कंपनीचं काम थांबलं. मशीन बंद पडत नाही, एवढं एक वाक्य लेखात असतं तर सचिवांचा जीव भांड्यात पडला असता.

माझं मशीन २०१४ चं, इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या आय-थ्री प्रोसेसरचं. त्यावर विंडोज सात होतं. दहा २९ जुलै २०१५ ला आलं आणि वर्षभर फुकट मिळत होतं, तेव्हा घेतलं. अकराही दहावाल्यांना फुकटच आहे, पण मशीन बसलं तर. बसतं की नाही ते बघायला 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो चालवल्यावर माझ्या प्रोसेसरपुढे फुली आली. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच लागतो. शिवाय टीपीएम २.० लागतं, म्हणजे किल्ल्या कुलूपबंद ठेवणारी सोय, आणि सिक्युअर बूट लागतं, म्हणजे मशीन सुरू होताना परकं सॉफ्टवेअर अडवणारी सोय. माझ्याकडे यातलं एकही नाही. गावातल्या एका दुकानदाराला विचारलं, तर त्यानं मशीनकडे न बघताच सांगितलं, भंगारात घाला, पाचशे देतो.

पण खरी अडचण ही फुली नव्हतीच. ती मशीनच्या पाठीमागे लटकते.

आमच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक डोंगल आहे. काडेपेटीएवढा, पांढरट, पंचवीस पिनांचा, जुन्या प्रिंटरची केबल लागायची त्या पोर्टमध्ये बसणारा. तो लावलेला नसला तर सॉफ्टवेअर उघडत नाही. त्याचा एक स्क्रू कधीच गेलाय, म्हणून रबरबँडनं बांधलाय. खंडेनवमीला कात्री, कटर आणि स्टेपलरच्या शेजारी त्यालाही हळदकुंकू लागतं. ते मिळालं नाही तर सगळं दुकान बसेल, म्हणून त्याला जरा जास्तच लागतं.

त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, बत्तीस बिटचा म्हणजे जुन्या घडणीचा आहे. विंडोज दहा बत्तीस बिटमध्येही मिळायचं, माझं तसंच आहे. अकरा फक्त चौसष्ट बिटमध्ये, म्हणजे नव्या घडणीत, येतं. जुने बत्तीस बिटचे प्रोग्राम त्यावर बहुतेक चालतात, पण ड्रायव्हर चौसष्टचाच लागतो, तिथं तडजोड नाही. तसा ड्रायव्हर बनवून देणारं कोणी आता राहिलेलं नाही. त्याहून जुनं एक प्रकरण म्हणजे बिलांचा फॉक्सप्रो. माझ्या धाकट्या दिरांनी कॉलेजात असताना लिहून दिलेला, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा प्रोग्राम. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि कोणत्या गावच्या कोणाकडे किती उधारी हे एका बटणावर. डॉसचे सोळा बिटचे प्रोग्राम चौसष्ट बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. भाच्यानं डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, घालून तो नव्या मशीनवर उघडून दाखवला. उघडला खरा, पण बिल छापेना. छापलं न जाणारं बिल गिऱ्हाइकाच्या सोयीचं, माझ्या नाही.

भाचा पुण्याला शिकतो. त्यानं दोन उपाय सुचवले. एक, तपासणीला चुकवून अकरा जुन्या मशीनवर घालायचं. तशा युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण मायक्रोसॉफ्ट कंपनीनं आधीच सांगून ठेवलंय, की अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं धरून चालू नका. अपडेटसाठीच तर बदलायचं आणि त्याचीच खात्री नाही! दुसरा उपाय, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालायचं. ते मला आवडलं, खरंच सांगते. हलकं आहे, फुकट आहे. फक्त इंटरनेट, पत्रं आणि पीडीएफ एवढंच ज्यांचं काम आहे त्यांनी जुन्या मशीनवर ते जरूर घालून बघावं. माझ्या डोंगलला मात्र ते ओळखत नाही.

मग काहीच करू नये का? तसंही नाही, इथं आपल्या लेखकाशी मी सहमत आहे. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा. फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं ते प्रकरण जगभर पसरलं, ब्रिटनची सरकारी इस्पितळं ठप्प झाली. त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले. माझ्याकडे बँकेचे ओटीपी येतात, जीएसटी भरायचा असतो, लोकांची आधारकार्डं स्कॅनला येतात. ते सगळं मुदत संपलेल्या मशीनवर करत राहणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. आणि ब्राउझरही फार दिवस थांबत नाहीत. विंडोज सातसाठी क्रोम २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलं होतं.

आमच्या धंद्यात रोग तारेतून कमी आणि पेनड्राइव्हमधून जास्त येतो, हे मात्र शहरात बसून कळत नाही. लग्नाचा फोटो घेऊन येणारा माणूस त्या दिवशी चार झेरॉक्सवाल्यांकडे फिरून आलेला असतो. फोल्डर गायब आणि त्याच्या जागी शॉर्टकट, हा व्हायरस आमच्या गल्लीत मी इतक्यांदा बघितलाय, की पेनड्राइव्ह हातात घेतला तरी हात धुवावेसे वाटतात.

म्हणून मी काम दोन मशीनवर वाटलं. आठव्या जनरेशनचं आय-फाईव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी, एका ऑफिसातून निघालेलं सेकंडहँड मशीन साडेचौदा हजाराला घेतलं. त्यावर अकरा आहे. इंटरनेट, बँक, जीएसटी, व्हॉट्सअ‍ॅप आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, सगळं तिथं. जुन्या मशीनची नेटची केबल काढून टाकली. ती गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलीय, मोह नको. तिथं पानं मांडायचं पेजमेकर, डोंगल आणि फॉक्सप्रो नांदतात. दोघांच्या मध्ये ये-जा करतो तो फक्त माझा एक लाल पेनड्राइव्ह, आणि तो आधी नव्या मशीनवर तपासला जातो. भाचा म्हणतो हेही शंभर टक्के सुरक्षित नाही. नसेल.

अकरा कसं आहे, हेही लोक विचारतात. चांगलं आहे, धावतं. स्टार्टचं बटण मधोमध असतं, ते सेटिंगमधून डावीकडे आणलं. राइट क्लिक केल्यावर निम्मी यादी लपलेली असते, तिची सवय झाली. होम आवृत्ती नव्यानं घालताना नेट आणि कंपनीचं खातं मागते. अशा खात्यानं सुरू केलेल्या नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, तिची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. ज्यांना ई-मेलचा पासवर्ड मुलगा सांगतो त्यांनी हे नीट वाचावं. मी किल्लीचे अठ्ठेचाळीस आकडे उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. मराठीसाठी म्हणाल तर अकरात मला नवीन काही दिसलं नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड पूर्वीपासून आहे, मराठी फोनेटिक कीबोर्ड दहामध्येच २०१९ ला आला.

आता माझ्या पोटातलं दुखणं. नवं मशीन आलं तेव्हा एका गलाईवाल्या घरची पत्रिका हातात होती. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे आपल्याला ठाऊक असेलच. नवरा मुलगा केरळात वाढलेला, पाहुणे दहा राज्यांत. वडील म्हणाले, छापील दोनशे बस्स, बाकी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला द्या. पत्रिका नेहमीसारखी जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली. तसाच मजकूर उचलून पाठवला तर समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कारण त्या फाईलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की चित्रं गेली.

मग तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत, काढला. पहिल्याच ओळीत 'चि.'ची वेलांटी च सोडून पुढं पळालेली, खाली एक ठिपक्यांचं वर्तुळ. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर जिथं चुकला तिथं 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' झाला, 'सर्व'चं 'सवर्' झालं. वर्तमानपत्रांच्या जुन्या ऑनलाइन बातम्यांमध्ये 'वषर्' आणि 'मागर्' वाचून आपणही हसला असाल. आमच्या गावाचं तर नावच वेलांटीनं सुरू होतं. मी ती पत्रिका रात्री साडेअकरापर्यंत बसून पुन्हा पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप केली, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेले हात इनस्क्रिप्टवर अडखळत.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणतेय. अठ्ठावीस वर्षांचं काम आहे. अहवालांचे मसुदे, देवस्थानांची पत्रकं, मंडळांच्या घटना. पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कळत नाही, म्हणून मांडणी सगळी नव्यानं. हे झाल्याशिवाय माझ्यासाठी अकरा काय आणि उद्या बारा काय, जुनं मशीन सुटत नाही. आणि झालं, की मग डोंगलचं काम संपलं. त्या दिवशी जुन्या मशीनवर लिनक्स घालून भाचीला अभ्यासाला देईन. दुकानदाराचे पाचशे त्यानंच ठेवावेत.

मुलीचा लॅपटॉप मात्र घाई करण्यासारखा नव्हता. तो २०१७ चा, सातव्या जनरेशनचा, एका पायरीनं हुकला. त्यावर एसएसडी घातलीय, पळतो. कंपनीनं घरगुती वापरासाठी दहाची सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून द्यायची सोय ठेवलीय. तीस डॉलर भरा, किंवा कंपनीच्या खात्यातून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचं बटण असतं. मुलीनं दोन मिनिटांत केलं. आपल्या अर्ध्या पानात ही दोन ओळींची गोष्ट बसली असती, तर निदान काही घरांचे तीस-पस्तीस हजार एवढ्यात खर्ची पडले नसते.

माझी विनंती एवढीच. पुढचं अर्धं पान छापाल तेव्हा मशीन कोणतं यासोबत त्यावर काम कोणतं चालतं हेही विचारा. तालुक्याच्या गावात डीटीपीवाले आहेत, लेथवाले आहेत, डोळ्यांच्या दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र जुन्या मशीनला जोडलेलं आहे. त्यांच्याकडे एकदा पत्रकार पाठवा. चहा आमच्याकडे.

आपली,
एक डीटीपीचालक, विटा, जि. सांगली
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)

ता. क. : हे पत्र युनिकोडमध्ये टाइप केलं आहे. आपल्याकडे पानावर लावताना फॉन्ट बदलणार असाल, तर छपाईला सोडण्याआधी सहीखालचं 'विटा' तेवढं एकदा नजरेखालून घालावं.