सगळे फोटो पाठव

ठाणे, जानेवारी

प्रिय मित्रा,

नागपूरला नीट पोचलास, वाचून बरं वाटलं. पक्ष्यांचे फोटो मिळाले आणि काल रात्री निवांत बसून बघितले. पण 'चांगले तेवढेच पाठवतोय, बाकीचे उडवून टाकतो' हे वाचलं आणि जीव हळहळला. अरे, पक्षी ओळखायचा तर मला ते बाकीचेच जास्त हवे असतात. मान वळवलेला, पाठमोरा, अर्धवट उडालेला, फांदीआड गेलेला. भिंतीवर लावायचा फोटो वेगळा आणि ओळख पटवणारा वेगळा. दोन्ही कामं एकच फोटो करतो, असं क्वचितच होतं.

आधी येऊरच्या जंगलातला तुझा 'शिक्रा', म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी. तो शिक्रा नाही, पावशा आहे. या दोघांत भल्याभल्यांची गल्लत होते. राखाडी पाठ, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर आडवे पट्टे, सगळा अवतार शिक्र्याचा. पावशाची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि हे शिकारी रूप तिथे कामाला येतं, असं मानतात. आता फोटो मोठा कर आणि फक्त चोच बघ. शिक्र्याची चोच आखूड, टोकाशी खाली वळलेली, मांस फाडणारी. तुझ्या पक्ष्याची चोच बारीक आहे, टोकाशी जेमतेम झुकलेली. डोळ्याभोवती कातडीची पिवळी कडा आहे, ती शिक्र्याला तशी नसते. अजून खात्री हवी तर पायांकडे जायचं. शिक्र्याचे पाय लांब, तीन बोटं पुढे आणि एक मागे, नख्या दणकट. पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे. पण नेमके पाय पानांनी झाकलेत! तोंडापुढे काटकी आली म्हणून तू बाजूला काढलेल्या एखाद्या फोटोत ते असतील, म्हणून म्हणतो, सगळे पाठव. पावसाच्या तोंडावर हाच पक्षी 'पेरते व्हा' करत अख्खं येऊर डोक्यावर घेतो, तेव्हा ओळखायला कॅमेरा लागत नाही. जानेवारीत तो मूग गिळून बसतो, मग सगळी भिस्त फोटोवर.

ऐरोलीच्या बोटीतून ठाणे खाडीत काढलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सोपे. पुढचा, पूर्ण गडद चोचीचा तो लहान रोहित. मागचे दोन उंच, त्यांची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, ते मोठे रोहित. मळकट राखाडी दिसणारी पिल्लं आहेत. गुलाबी रंग अन्नातून हळूहळू चढतो, तो अजून यायचाय. 2015 साली खाडीत अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला तो या रोहितांमुळेच, असं लोक धरून चालतात. मला मात्र त्याच चिखलातले बगळे आणि कुरव (सीगल) जास्त खुणावतात.

बगळ्याचंच घे. तू लिहिलंस, 'पिवळी चोच, म्हणजे मध्यम बगळा असावा'. चोचीच्या रंगावर जाऊ नकोस. मोठ्या बगळ्याचीही चोच एरवी पिवळीच असते आणि विणीच्या दिवसांत काळी पडते. रंग ऋतूप्रमाणे बदलतो, उन्हाप्रमाणे बदलतो, कॅमेऱ्याच्या सेटिंगनेही बदलतो. जबड्याची रेघ बदलत नाही. चोच जिथे फाकते तिथून निघणारी ती बारीक रेघ बघ. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली संपते, मोठ्यात डोळ्याच्या मागे जाते. तुझ्या फोटोत ती चक्क मागे गेली आहे. मोठा बगळा, छातीठोक सांगतो. त्याच्या शेजारचा लहान पांढरा मात्र मी सोडून देतोय. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी, पण खाडीच्या चिखलात बोटं दिसणार कशी? शिवाय समुद्री बगळ्याचं पांढरं रूपही याच किनाऱ्यावर असतं. त्याची चोच जरा जाड आणि फिकट, पण तुझ्या फोटोत चोच पूर्ण सावलीत आहे.

कुरवांचे बसलेले फोटो छान आलेत, पण हिवाळ्यात त्यांची डोकी पांढरी होतात, कानामागे नुसता एक गडद ठिपका उरतो. तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा हे नावावरून कळतच नाही. पूर्ण वाढलेल्या तपकिरीवाल्याचा डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. दुसऱ्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. म्हणजे उडताना काढलेला, हललेला फोटोही चालेल. उलट बिस्कीट खाताना काढलेला जवळचा फोटो मला काही सांगत नाही. आणि त्यांना बिस्किटं घालू नका रे कोणी, फार वाईट वाटतं.

ॲपने त्या येऊरच्या हिरव्या पक्ष्याला लगेच नाव दिलं म्हणतोस. मर्लिन हे ॲप फोटोबरोबर ठिकाण आणि तारीख विचारतं ते उगाच नाही. कुठे, कधी दिसला यावर अर्धी ओळख असते. पण पर्णवटवट्यांमध्ये, म्हणजे पानांत फिरणाऱ्या या चिमुकल्या हिरवट पक्ष्यांमध्ये, आवाजाशिवाय मी कुणावरच विसंबत नाही. पानांच्या उजेडात सगळेच हिरवे दिसतात आणि पिसं झिजली की पंखावरची फिकट पट्टीही पुसट होते. वहीत 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' एवढंच लिही. त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीचं नाव नोंदलं की ते पुढे दहा जणांच्या यादीत जातं आणि मग निस्तरणं अवघड.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर बारीक रेघा दबतात आणि फोटोबरोबरची तारीख-वेळही जाते. कापायचा तर कापलेला आणि मूळ, दोन्ही दे. आवाज ऐकला असशील तर जसा आठवतो तसा लिही, वेडावाकडा चालेल.

आणि हो, येऊरचे फोटो खरोखरच उडवले असशील तर त्या कार्डावर आता नवीन काही टिपू नकोस. पुसलेले फोटो पुष्कळदा परत काढता येतात. कॅमेऱ्याच्या दुकानात दाखव आणि मग कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच