टॉपच्या लाकडाची नुसती जात पुरेशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अकूस्टिक गिटार खरेदीवर लेख आला, त्यातल्या तक्त्यात ‘टॉप : स्प्रूस’, ‘टॉप : सीडर’ एवढीच, म्हणजे पुढच्या फळीला कोणत्या झाडाचे लाकूड आहे तेवढीच, नोंद होती आणि तेवढ्यावरून ‘स्प्रूस खणखणीत, सीडर मुलायम’ असा निकालही देऊन टाकला होता. गिटार बनवणे आणि दुरुस्त करणे हेच काम असलेल्या आम्हा काही जणांना त्यात बरीच भर घालावीशी वाटते.

टॉप म्हणजे गिटारच्या पेटीची पुढची फळी. सतारीला जी तबली, तीच ही. नुसती तार हवा फारशी हलवू शकत नाही. ती ब्रिजला, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या आणि तारा अडकवलेल्या पट्टीला, हलवते, ब्रिज टॉपला हलवतो आणि आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः टॉपचा आवाज. स्पेनमधले कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली हे दाखवण्यासाठीच मागची बाजू आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून लाकडी टॉपची गिटार बनवली होती. अलीकडे, २०१८ मध्ये, लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी फक्त मागचे आणि कडेचे लाकूड वेगवेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना, कोणती कोणती ते दिसू न देता, वाजवायला दिल्या. दर्जाबद्दलची मते जवळपास सारखीच आली. मागच्या रोझवूडच्या नक्षीवर भुलून टॉपकडे काणाडोळा करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता पहिला प्रश्न जातीचा नाहीच. टॉप सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा, आहे की लॅमिनेट, म्हणजे प्लायचा, हे आधी पाहावे. माहितीपत्रकात नुसते ‘स्प्रूस टॉप’ लिहिलेले असेल आणि ‘सॉलिड’ शब्द कुठेच नसेल, तर तो बहुतेक वेळा प्लायच असतो. खात्री करायला मधल्या गोल भोकाच्या कडेवर तिरका उजेड पाडा. टॉपवरच्या रेषा कडेवरून तशाच सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे. मध्ये वेगळ्या रंगाचा किंवा आडव्या रेषांचा थर दिसला तर प्लाय. कधी कधी ही कड काळी रंगवलेली असते किंवा तिच्यावर प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. तसे असेल तर छोटा आरसा आणि टॉर्च आत घालून, टॉपचे दोन अर्धे जिथे जोडलेले असतात त्या मधल्या सांध्याजवळची एखादी ठळक रेष बाहेर जिथे आहे तिथेच आतही दिसते का ते ताडून पाहा. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असल्याने फळी मजबूत होते, पण मोकळेपणाने हलत नाही. तरीही सतत प्रवास, धसमुसळा वापर आणि बदलती हवा असेल तर प्लायचा टॉप घेण्यात कमीपणा काही नाही. तो सहसा तडकत नाही.

टॉप सॉलिड ठरला की लाकूड कसे चिरले आहे ते पाहायचे. वार्षिक वलये फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असली, तर तिचा आडवा ताठपणा सर्वांत चांगला. वलये कलंडत गेली की हा ताठपणा झपाट्याने घसरतो आणि ४५ अंशांच्या आसपास तळ गाठतो. दुकानात हे ओळखायची सोपी खूण म्हणजे रेषांना आडवी जाणारी रेशमासारखी चमक. ती मधल्या सांध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे दिसावी. मध्येच दिसून कडेला विरत असेल तर कडेकडे वलये तिरपी झाली आहेत. रेषा किती दाट आहेत यावर मात्र फाजील भर देऊ नये. दाट रेषांची फळी देखणी असते, ताठ असेलच असे नाही.

दुसरा दोष म्हणजे तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर न राहता तिरपे बाहेर येणे. टॉपचे दोन अर्धे एकच फळी पुस्तकासारखी उघडून जोडलेले असतात, त्यामुळे हा दोष असेल तर उजेडात एक बाजू फिकट आणि दुसरी गडद दिसते. टॉप समोरच ठेवून गिटारचे वरचे टोक खाली फिरवले की रंगांची अदलाबदल होते. थोडा दोष सर्रास आढळतो आणि आवाजाला त्याचा त्रास नाही. फार असला तर ब्रिजखालचे तंतू ओढीने उचकटायला लागतात. आणि लाकडाला लावलेल्या ‘एए’, ‘एएए’ या श्रेणी? त्यांना सर्वमान्य मापदंड नाही. प्रत्येक विक्रेत्याची श्रेणी त्याची स्वतःची, आणि ती मुख्यतः दिसण्यावर दिलेली असते.

ज्यांना स्वतः गिटार बनवायची आहे त्यांनी सुटी फळी तोलून घ्यावी. ५५० मिमी लांब, २१० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड अर्ध्या फळीचे वजन १८५ ग्रॅम भरले तर घनता घनमीटरला ४०० किलो होते. १६२ ग्रॅम भरले तर सुमारे ३५०. हलकी असूनही हाताला ताठ लागणारी फळी उचलावी. मग तिच्या वरच्या टोकापासून साधारण १२ सेंमीवर दोन बोटांच्या चिमटीत धरून ती लटकवावी आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारावी. त्या अंतरावर फळी जवळजवळ स्थिर असते, म्हणून चिमटीने आवाज दबत नाही. सूर उंच की खाली याने हुरळून जाऊ नये, तो फळीच्या मापावरही अवलंबून असतो. घुमणे किती वेळ टिकते तेवढे ऐकावे. ठक्क करून विझणारी फळी परत ठेवावी.

खरी फसगत जाडीत होते. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. टॉप ३ मिमीवरून २.७ मिमीवर आणला तर वजन फक्त दहा टक्के घटते, पण ताठपणा २७ टक्के जातो. रंध्याचे दोन-चार हात जास्त बसले की चांगल्यातली चांगली फळी ब्रिजमागे फुगते आणि ब्रिज पुढे कलतो. पोलादी तारांच्या गिटारला स्प्रूस बहुधा २.६ ते ३ मिमी ठेवतात, सीडर त्याहून ०.२ ते ०.३ मिमी जाड. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला २.२ ते २.५ मिमी पुरतात, कारण तिच्या सहा तारांची एकूण ओढ ४० किलोच्या आसपास असते. पोलादी १२-५३ संचाची (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३ इंच) ओढ मात्र ७० ते ७५ किलो भरते. आतल्या आधारपट्ट्या कशा तासल्या आहेत याचाही आवाजात मोठा वाटा असतो. म्हणूनच एकाच जातीच्या टॉपच्या दोन गिटारी दोन वेगळ्या गळ्यांच्या निघतात.

एवढे झाल्यावर जात. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारपट्टीवर वाढणारा सिटका स्प्रूस ताठ, भरवशाचा आणि सर्व प्रकारच्या वादनाला चालणारा. संभ्रम असेल तर हाच घ्यावा. रॉकी पर्वतरांगेतला एंगलमन त्याहून हलका, रंगाने पांढुरका, हलक्या हाताला लवकर दाद देणारा. अ‍ॅडिरॉन्डॅक किंवा रेड स्प्रूस हा १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी गिटारींचा नेहमीचा टॉप होता. मोठी झाडे संपत आल्यावर कारखाने सिटकाकडे वळले. पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, दणकून वाजवणाऱ्यांनी रेड स्प्रूस जरूर पाहावा, बोटांनी अलगद वाजवणाऱ्यांना मात्र तो सुरुवातीला मुका वाटतो. वेस्टर्न रेड सीडर क्लासिकल गिटारमध्ये रुळला तो १९६०च्या दशकात, माद्रिदच्या रामिरेझ या गिटार बनवणाऱ्या कार्यशाळेमुळे. बोटांच्या वादनाला तो पहिल्या दिवसापासून बोलतो. जोरात स्ट्रमिंग केले, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला, की एका मर्यादेपुढे आवाज वाढत नाही, नुसता गढूळ होतो. शिवाय तो इतका मऊ की नखाचीही खाच पडते, आणि ब्रिज निखळला तर सोबत लाकडाचे तंतू ओढून नेतो. त्यावर १३-५६ सारख्या जाड तारा चढवू नयेत. महोगनीचा टॉप जड असतो, आवाज कोरडा आणि नेमका येतो. गाण्याला साथ करायला छान, एकट्या वादनाला अपुरा वाटू शकतो.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. टॉपला बाहेरून पॉलिश असते, आतून बहुधा लाकूड उघडेच असते आणि तिथून ते हवेतला दमटपणा पिते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असे पाहावे. दमट हवेत टॉप फुगून तारा वर उचलल्या जातात, एसीच्या कोरड्या खोलीत टॉप खाली बसतो आणि शेवटी रेषेतून तडकतो. गिटार केसमध्ये ठेवून आत छोटा आर्द्रतामापक टाकावा.

यापुढे असा तक्ता छापताना ‘टॉप’च्या रकान्यात जातीबरोबर सॉलिड की लॅमिनेट हे द्यावे आणि शेजारी कंपनीने सुचवलेल्या तारांची जाडी छापावी, ही विनंती.

आपले,
गिटार बनवणारे व दुरुस्त करणारे काही कारागीर