दातांवरचे पट्टे मळाचे नव्हेत, पाण्याचे

महोदय,

आपल्या लग्नसराई पुरवणीत एका ब्युटी पार्लरची ‘तासाभरात शुभ्र दात’ अशी जाहिरात वाचली. मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या भागात दंतवैद्य आहे. तुळशीचे लग्न लागले की इकडे स्थळे बघणे सुरू होते आणि दवाखान्यात आई किंवा मावशीसोबत मुली येऊ लागतात. ‘डॉक्टरसाहेब, पाव्हणे येऊन राहिले, दातांचं काहीतरी करून द्या.’ तोंड उघडून पाहावे तर समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आणि कडेला खडूसारखे ठिपके. मुलगी बिचारी दोन वेळा घासते, तरी घरात ‘नीट घासत नाही’ म्हणून बोलणी खाते.

हा फ्लोरोसिस आहे. आमच्याकडे खडकातले फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरते. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि मूल पहिली सात-आठ वर्षे तेच पाणी पीत राहिले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचे एनॅमलच, म्हणजे वरचे कडक आवरणच, कच्चे राहते. तपकिरी रंग दात बाहेर आल्यावर चढतो. राखुंडीने तो जात नाही. लिंबू-मीठ चोळले तर आहे ते एनॅमलही झिजते.

पार्लरमध्ये दात उजळवणारे पेरॉक्साइडचे जेल लावून निळा दिवा धरतात. हेच औषध वापरताना आम्ही आधी हिरड्या झाकतो, किडलेले दात भरून घेतो. गेल्या हंगामात आलेल्या एका मुलीच्या हिरड्यांची कड भाजून पांढरी पडली होती. थंड पाण्याचा घोट घेतला की ती कळवळायची. पट्टे जागच्या जागी, आणि ठिपके पूर्वीपेक्षा ठळक! युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले असे उत्पादन थेट ग्राहकाला विकता येत नाही, अठरा वर्षांखालच्यांसाठी तर ते वापरायचेच नाही. आपल्याकडेही नोंदणीशिवाय दंतवैद्यकी करायला १९४८ पासून कायद्याने मनाई आहे. पार्लरची पायरी मात्र कोणी तपासनीस चढत नाही.

वेडेवाकडे दात हा आणखी वेगळा ताप. अशा एनॅमलवर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची दातावरची टिकली, नीट चिकटत नाही, तारा लावल्या की सारखी सुटते. मग कोणीतरी मोबाइलवर अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, मागवायला सांगतो, तेही एक्स-रे न काढता. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही टपालाने अलाइनर पाठवणारी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली, तेव्हा लोक अर्ध्या उपचारात अडकले होते.

हलके पट्टे एनॅमलचा अगदी पातळ थर काढून फिके करता येतात. खोल असतील तर दाताच्याच रंगाचे कंपोझिट नावाचे भरण बसवतात. खासगीत परवडत नसेल त्यांनी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. बसचे भाडे धरूनही स्वस्त पडेल.

आपल्याला विनंती एवढीच की, दातांच्या उपचाराची जाहिरात घेताना दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. आणि ज्या गावांतून या मुली येतात तिथल्या बोअरच्या पाण्याचे फ्लोराइडचे अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात का, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा जाऊन पाहावे. या मुलींची धाकटी भावंडे अजून तेच पाणी पीत आहेत.

– एक दंतवैद्य, जि. यवतमाळ