दहा रोपांनी वय भरून येत नाही

कुंभमेळ्याच्या कामांसाठी नाशिकच्या तपोवनातील झाडे तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा ‘एक तोडले तर दहा लावू’ असे ऐकू आले. हा हिशेब मला पटत नाही. कॅलिफोर्नियातील ‘जनरल शेरमन’ हा सिक्वॉया वृक्ष सुमारे ८४ मीटर उंच आहे, बुंधा तळाशी ११ मीटर रुंद, आणि वय दोन हजार वर्षांहून अधिक! त्याच्या जातीतले काही वृक्ष तर तीन हजार वर्षांपलीकडे जगल्याचे खोडातली वलये मोजून दिसले आहे. तिथल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर, हिवाळी बर्फाच्या ओलाव्यावर ते वाढतात. नाशिकच्या उन्हात ते तग धरणार नाहीत. पण आपला वडही शेकडो वर्षे जगतो. हातभर जाड सालीमुळे वणवे पचवणारे हजारो मोठे सिक्वॉया २०२० व २०२१ च्या आगींत मेले. त्यांच्या जागी आज रोप लावले, तरी तेवढी सावली कोणाच्या पिढीला मिळणार?

महाराष्ट्रात २०२१ च्या कायदादुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आहे. नाशिक महापालिकेने अशा झाडांची वयासह प्रभागनिहाय यादी कुंभमेळ्याची कामे पुढे सरकण्याआधी जाहीर करावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक