गुपित फोडले कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुप्त उपग्रहांचा माग काढणाऱ्या हौशी निरीक्षकांवरचा कालचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी त्यांना ‘हॅकर’ ठरवले, वर ‘महाकाय दुर्बिणी’ही बहाल केल्या. माथ्यावरून ४०० किलोमीटर उंचीवर जाणारा उपग्रह सेकंदाला सुमारे एक अंश सरकतो. महाकाय दुर्बिणीला डोळा लावेपर्यंत तो पसार झालेला असतो. लागते ती ७×५० ची (सातपट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री म्हणजे बायनॉक्युलर, स्टॉपवॉच आणि ताऱ्यांचा नकाशा.

२०१९ मध्ये याच मंडळींनी हॅकिंग करून अमेरिकेचे गुपित फोडले, हा तर लेखातला पार विपर्यास आहे. इराणच्या प्रक्षेपण तळावर फुटलेल्या रॉकेटचे छायाचित्र ३० ऑगस्टला खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर टाकले होते. हौशी मंडळींनी ते फक्त मोजले. प्रक्षेपणाचा गोल चौथरा चित्रात लंबगोल दिसतो, त्यावरून कॅमेऱ्याचा तिरपेपणा निघतो. सावल्यांवरून वेळ निघते. त्या वेळी त्या कोनात कोण होते? २०११ मध्ये सोडलेला अमेरिकेचा हेर उपग्रह ‘यूएसए २२४’. त्याची कक्षा हौशी मंडळींच्या वह्यांत आधीपासून होतीच. यात हॅकिंग कुठे आले, हे लेखकमहाशयच जाणोत.

खरी मेहनत त्या वह्यांत आहे. प्रक्षेपणाआधी जहाजांना आणि विमानांना धोक्याच्या क्षेत्रांची सूचना जाहीर होते. ती क्षेत्रे नकाशावर जोडली की दिशा कळते, दिशेवरून कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल, उड्डाणाच्या वेळेवरून तिचे प्रतल, म्हणजे ती ज्या सपाट पातळीत आहे ती पातळी. मग संध्याकाळी किंवा पहाटे, जमिनीवर अंधार पण उपग्रहावर ऊन असताना, वाट पाहायची. तो दोन जवळच्या ताऱ्यांमधून गेला की स्टॉपवॉच दाबायचे आणि त्या ताऱ्यांमधल्या अंतराच्या कितव्या भागावरून तो गेला ते टिपायचे. अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे जवळपास ४ किलोमीटर! घड्याळ मागे असेल किंवा तारीख जागतिक वेळेत बदलायची राहिली, तर भलताच उपग्रह ‘सापडतो’. एका रात्रीच्या नोंदीवर कक्षा ठरत नाही. उपग्रहाने इंजिन चालवले तर तो लवकर किंवा उशिरा येतो. पण प्रतल बदलायला इंधन फार लागते, म्हणून ते प्रतल आकाशात जिथून जाते तिथेच नजर लावून बसायचे. एप्रिल २०१० मध्ये गेलेले अमेरिकेचे मानवरहित अंतराळयान एक्स-३७बी मे महिन्यात हौशी निरीक्षकांनाच सापडले.

‘शत्रूला आयती माहिती’ हा लेखातला आक्षेपही गमतीचाच. ज्याच्याकडे रडार आहेत तो द्विनेत्रीवाल्यांच्या भरवशावर बसतो होय? आणि असे गुपित टिकते तरी कुठे? सोव्हिएत संघाचा गुप्त प्लेसेत्स्क प्रक्षेपण तळ १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेतील शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉसमॉस उपग्रहांच्या रेडिओ संकेतांवरून ओळखला. मॉस्कोने तो असल्याचे १९८३ मध्ये मान्य केले.

जाता जाता : लेखाशेजारच्या चौकटीत अंतराळ स्थानक दिसण्याची नुसती वेळ छापली आहे. दिशा नाही, क्षितिजापासूनची उंची नाही. वाचकांनी काय गोल गोल फिरत राहायचे?

आपला,
एक वाचक