लष्करी परिचारिकेचा छत्तिसाव्या वर्षानंतरचा प्रश्न

महोदय,

नीटचा निकाल लागला की पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बी.एस्सी. नर्सिंगची चौकशी सुरू होते, आणि मी उभी हयात नर्सिंग शिकवण्यात घालवल्यामुळे काही पालक माझ्याकडेही येतात. शिक्षण मोफत, राहण्याजेवण्याची सोय, वर विद्यावेतन आणि चार वर्षांनी लष्करी परिचर्या सेवेत, म्हणजे सैन्याच्या नर्सिंग शाखेत, लेफ्टनंटचा हुद्दा, एवढे त्यांना ठाऊक असते. शिक्षणानंतर त्या सेवेत रुजू होण्याच्या बाँडवर सही करावी लागते हेही कानावर आलेले असते. पण त्यापुढचे कोणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या वडिलांनी माझ्यासमोर पेन्सिलीने हिशेब मांडला. बाविसाव्या वर्षी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. ते कायमस्वरूपी न मिळता अल्पमुदतीचे मिळाले, तर आधी ५, मग ५ आणि शेवटी ४ अशी फार तर १४ वर्षे. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी मुलगी घरी. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागते, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मी या सेवेच्या विरोधात मुळीच नाही. तिथल्या वॉर्डात मुलींच्या हाताला जे वळण लागते, ते आमच्या नागरी महाविद्यालयांत लागत नाही, हे अध्यापिका म्हणून मी कबूल करते. माझे म्हणणे इतकेच, की बाँड मुलीला जसा बांधतो, तसे सेवेनेही तिला बांधील असायला हवे. पूर्वी तसे नव्हते. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये केवळ लग्न केले म्हणून सेवेतून कमी करण्यात आले. तशी मुभा देणारी १९७७ ची सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली, आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०२४ साल उजाडले. छत्तीस वर्षे! पंजाबातल्या नोकरभरतीत तर लष्करी परिचर्या सेवेतून आलेली अधिकारी माजी सैनिक ठरते की नाही, म्हणजे तिला त्यांच्या राखीव जागांचा लाभ मिळतो की नाही, हा वादही त्याच न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. बाँडच्या अटी, कमिशनचे दोन्ही प्रकार आणि निवृत्तिवेतनाचा नियम हे सारे अर्ज भरतानाच मुलींना मराठीतून वाचायला मिळावे. प्रवेशाच्या दिवशी मुद्रांकाच्या कागदावर घाईघाईने नव्हे. आणि आपल्या राज्यात अधिपरिचारिकांच्या भरतीची जाहिरात निघेल, तेव्हा माजी सैनिकांच्या सवलतीत लष्करी परिचर्या सेवेचा उल्लेख नावानिशी असावा, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी परत आलेल्या मुलीला त्या एका शब्दासाठी पुन्हा वकील गाठावा लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग अध्यापिका, पुणे